पाड्यावर बॅटरी चार्जिंगचं एकच सोलर सेंटर, की घरोघरी पॅनल?

रानवाट: नंदुरबारात धडगावकडचे आमचे पाडे डोंगरावर विखुरलेले, खांब आलेत तरी पावसात तार तुटली की आठ-आठ दिवस अंधार. घरोघरी सोलर सेट फुकट वाटण्यापेक्षा शाळेच्या पत्र्यावर मोठे पॅनल टाका, एकच चार्जिंग सेंटर करा, लोक बॅटरी आणतील, थोडे पैसे देतील, ते नव्या बॅटरीसाठी साठवा. वाटलेले सेट मी बघितलेत हो, दोन वर्षांत बॅटरी बसली, नवी घ्यायला पैसे नाहीत, आता त्या पॅनलवर मोहफुलं वाळत घालतात.

मीनाक्षी_प: दादा, अजिबात पटलं नाही. ती पाण्याची बॅटरी कधी चढावर उचलून नेलीय का? ४० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) १५ किलोच्या आसपास भरते. आणि नेणार कोण, बाईच ना? पाणी तिनं आणायचं, सरपण तिनंच, वर आता ही खेप. माझ्या मावशीच्या लुगड्यावर ॲसिड सांडलं, धुतल्यावर मांडीपाशी चाळणी झाली होती. पॅनल घरावरच पाहिजे.

वायरमन७२: हिशोब सांगतो. १२ व्होल्ट ४० एएच म्हणजे ४८० वॅट-अवर, लेड-ॲसिड, म्हणजे तीच पाण्याची बॅटरी, निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणून हातात २४०. ५ वॅटचे ३ एलईडी रोज ५ तास म्हणजे ७५, मोबाईल धरून ९०, म्हणजे अडीच दिवसांनी परत खेप, ताईंचं बरोबर आहे. पण २० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, ३ किलोच्या आसपास, आणि ती बरीच खालपर्यंत उतरवता येते म्हणून काम जवळपास तेवढंच. महाग पडते पण टिकते कितीतरी जास्त. बाकी घरोघरच्या सेटची वाट कशानं लागते ते मी रोज बघतो, डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोरिंगचं पाणी घालतात, चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारा डबा) बिघडला की वायर डायरेक्ट जोडतात, टर्मिनलवर पांढरा थर चढतो तरी कुणी पुसत नाही. सेंटरवर निदान एक माणूस बघायला असतो.

मीनाक्षी_प: मग तो माणूस बाई असू दे. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं अक्षरओळख नसलेल्या बायकांना सोलरची दुरुस्ती शिकवली, आपल्या बचत गटाला का नाही जमणार? तरी माझं म्हणणं तेच, ५० वॅटचा पॅनल घरावर असला की कुणाच्या दारात जायला नको.

रानवाट: ताई, लिथियम मान्य, सेंटरची किल्ली बचत गटाकडे हेही मान्य. पण आषाढात आमच्याकडं सलग ढग, तेव्हा ५० वॅटचा पॅनल काय भरणार? सेंटरवर मोठे पॅनल आणि जादा भरलेल्या बॅटऱ्या असल्या की रिकामी द्या, भरलेली घ्या. आणि फुकट नको म्हणतो ते यासाठी, घरटी महिन्याला ५० रुपये धरले तर ४० घरांचे वर्षाला २४,००० होतात. घरोघरच्या सेटमध्ये बॅटरी गेली की तो खर्च एकट्या घरावर येतो, आणि ते घर नेमकं तेव्हाच ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं.