सफरचंदाच्या क्रंबलचा वरचा थर खुसखुशीत होत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. श्रावणात आमच्या घरी अंडे चालत नाही आणि मैद्याचा केक सासूबाईंना एरवीही सोसत नाही, म्हणून फळांचा एखादा भाजलेला गोड पदार्थ करावा असे ठरवून मी गेल्या तीन रविवारी सफरचंदाचे क्रंबल करून पाहिले. तळाशी फळाच्या फोडी आणि वर कणीक, गूळ व तुपाचा चुरा पसरून भाजायचे, एवढीच त्याची कृती. चव तिन्ही वेळा चांगली होती, परंतु वरचा थर खुसखुशीत व्हायचा तो चहात पडलेल्या बिस्किटासारखा झाला. पहिल्या खेपेला सासूबाईंनी वाटी संपवून "सफरचंदाचा सांजा बरा झालाय हो" असे म्हटले, तेव्हा त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

माझे प्रमाण असे आहे. सोलून, बिया काढून ६०० ग्रॅम सफरचंदाच्या फोडी. त्यांना दोन मोठे चमचे किसलेला गूळ, अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडी दालचिनीची पूड. वरच्या चुऱ्यासाठी १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम किसलेला गूळ, ७० ग्रॅम पातळ केलेले तूप आणि चिमूटभर मीठ. आठ इंची काचेचे भांडे आधी तापवलेल्या ओटीजीत मधल्या कप्प्यात ठेवून, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवून, १८० अंशांवर ३५ मिनिटे भाजते. (गूळ घातला म्हणजे पदार्थ मधुमेहींना चालतो असा माझा मुळीच समज नाही, गूळ आम्हाला चवीला आवडतो, इतकेच.)

दुसऱ्या वेळी मी वेळ वाढवून ५० मिनिटे केली, तर कडेचा गूळ करपून कडवट झाला आणि मध्यभाग तसाच ओलसर राहिला. गुळाने फळाला पाणी सुटते हे लक्षात घेऊन तिसऱ्या वेळी फोडी गूळ लावून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवल्या. खाली जवळजवळ अर्धी वाटी रस जमला. तो कढईत मधासारखा दाट होईपर्यंत आटवून पुन्हा फोडींवर घातला. या एका बदलाने तळाचा चिखल थांबला आणि फोडी फोडींसारख्या दिसू लागल्या. वरचा थर मात्र अजून साधलेला नाही: त्याच्या गुठळ्या न होता तो रव्यासारखा बारीक राहतो, फोडींच्या फटींतून खाली उतरतो आणि तिथे वाफेत शिजतो.

माझा संशय तुपावर आहे. शंकरपाळ्यांच्या मोहनाप्रमाणे मूठ दाबली की मुटका वळत होता, त्यामुळे तूप कमी पडले असे वाटत नाही. परंतु या पदार्थात बहुतेकजण घट्ट, गार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळतात आणि मी कोमट, पातळ तूप ओतत आले. तूप फ्रिजमध्ये थिजवून चोळले तर गुठळ्या टिकतील का? शिवाय विकतच्या बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसतेच. तेव्हा तूप वापरताना चमचाभर दूध शिंपडावे लागते का? पावसाळी हवेने ओट्स सादळतात, म्हणून ते आधी कोरडे भाजून घ्यावेत असाही विचार आहे. कोणी कणकेऐवजी थोडे नाचणीचे पीठ घातले असेल, तर त्याने चुरा अधिक भुसभुशीत होतो की कोरडा पडतो, हेही कळवावे.

फळाबद्दलही विचारायचे आहे. सध्या बाजारात हिमाचलची नवी सफरचंदे आली आहेत. ती रसाळ आहेत, पण त्यांतली लाल, गोड जात भाजल्यावर पार विरघळते. आंबट हिरवी सफरचंदे आकार धरतात, मात्र ती परदेशी आणि महाग असल्याने दर रविवारी परवडणारी नाहीत. निम्मी लाल सफरचंदे आणि निम्मी घट्ट नाशपती असे मिश्रण कोणी केले आहे का? केले असल्यास दोन्ही फोडी एकाच वेळी शिजतात, की नाशपतीच्या लहान कापाव्या लागतात?

येत्या रविवारी चौथ्यांदा करणार आहे. आपण हा पदार्थ तुपात केला असेल, तर तूप कोणत्या अवस्थेत आणि किती वापरले एवढे तरी जरूर लिहावे.