इंग्रजीतल्या 'मिस' या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडकलेय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

माझ्या बहिणीची मुलगी १२ वर्षांची आहे. मराठी बोललेलं सगळं कळतं तिला पण लिहिता येत नाही, त्यामुळे आजीला म्हणजे माझ्या आईला ती इंग्रजीत पत्रं लिहिते आणि ती आईला मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. आई एकेक वाक्य दोनदा ऐकते, मग त्यावर प्रश्न विचारते, म्हणून अंदाजपंचे काहीतरी सांगून भागत नाही. या वेळच्या पत्रात पोरीने हे मिस क्रियापद दहा वेळा वापरलंय आणि जवळपास दर वेळी अर्थ वेगळा.

सुरुवातीलाच घोळ झाला. 'आय मिस्ड स्कूल फॉर अ वीक' असं होतं, मी वाचता वाचता सांगून टाकलं की तिने आठवडाभर शाळा चुकवली. आईचा चेहराच उतरला, का गं, शाळेत कुणी त्रास देतं का तिला? पुढच्याच ओळीत ताप आला होता असं लिहिलं होतं, म्हणजे शाळा बुडली म्हणायला हवं होतं. आपल्याकडे बुडणं वेगळं आणि बुडवणं वेगळं, चुकणं वेगळं आणि चुकवणं वेगळं, एका अक्षराने मुद्दाम केलं की आपोआप झालं ते कळतं. इंग्रजीत दोन्हीला मिस्ड स्कूल चालतं आणि आजूबाजूच्या वाक्यांवरून आपण ओळखायचं. (आईने मधेच हेही विचारलं की बाईंना मिस म्हणतात तोच का हा शब्द. नाही, तो मिस्ट्रेस या शब्दाचा तुकडा आहे, याच्याशी संबंध नाही.)

मग मी सगळी वाक्यं वहीत उतरवून काढली. बस मिस झाली तिथे बस चुकली. बॉल मारताना मिस झाला तिथे हुकला. फोन मिस झाला तिथे घ्यायचा राहिला. निबंधातली एक ओळ मिस झाली तिथे गळली. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाता आलं नाही तिथे मुकली लिहिलंय, पण मुकणं जरा जड वाटतं का १२ वर्षांच्या मुलीच्या तोंडी? मुकणं म्हटलं की डोळ्याला मुकला, जिवाला मुकला असं कायमचं काहीतरी गेल्यासारखं वाटतं मला. त्यांच्या नवीन घराचं दार निळं आहे, 'यू कान्ट मिस इट', तिथे 'दिसल्याशिवाय राहणार नाही' असं केलं, ते आईला आवडलं.

हे लिहिताना एक लक्षात आलं की इंग्रजीत जवळपास दर वेळी 'आय' पुढे असतो, मी मिस केली, आणि मराठीत बस चुकते, बॉल हुकतो, फोन राहतो, माणूस बाजूला उभा. आठवणसुद्धा 'येते', आपण काही करत नाही. फ्रेंचमध्येही असंच आहे म्हणे, 'तू म मांक', म्हणजे शब्दशः तू मला उणी आहेस.

आता खरी अडचण. पत्राच्या शेवटी तिने लिहिलंय की केस विंचरताना आय मिस यू, आजी, आणि लगेच पुढे 'आय डोन्ट जस्ट रिमेंबर यू, आय मिस यू'. इथे मी हात टेकले. आपण दोन्हीला आठवणच म्हणतो ना! 'मला तुझी नुसती आठवण येत नाही, मला तुझी आठवण येते' हे काय वाक्य झालं? तिची वेणी आई घालायची, रोज, दोन वर्षं त्या दोघी एका घरात होत्या, त्यामुळे हे वाक्य मला सपाट करायचं नाहीये. उणीव भासते लिहिलं तर श्रद्धांजलीचा फलक वाटतो. 'मी तुला खूप मिस करते' आईला कळेल, टीव्हीवर रोज ऐकते ती, पण मग मी भाषांतर काय केलं? समानार्थी शब्द सुचवा प्लीज, शक्यतो बोलीतले.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. बहुतेकांनी 'करमत नाही' सुचवलंय आणि ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय. फक्त करमत नाही म्हणजे दिवसभर कशातच मन लागत नाही, आणि इथे केस विंचरतानाचा तेवढाच क्षण आहे. एकांनी 'चुकल्याचुकल्यासारखं होतं' लिहिलंय, ते वाचलं आणि मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. बस चुकते तोच हा शब्द! इंग्रजी मिसचाही जुना अर्थ नेम न लागणं हाच, आठवणीने जीव कासावीस होणं नंतर आलं, म्हणजे दोन्ही भाषा तिथूनच निघून इथे पोचल्या.

तर आता असं केलंय: 'आजी, केस विंचरताना मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तू नुसती आठवत नाहीस गं, तू इथे हवी असतेस.' शेवटचा तुकडा मूळ पत्रात नाही, मी घातलाय, चालेल ना? काल आईला वाचून दाखवलं. तिने नेहमीसारखं दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, पण प्रश्न एकही विचारला नाही. कागद घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवला.

एक वाक्य अजून राहिलंय. 'मामा केम ऑन संडे अँड आय मिस्ड हिम.' मामा आला तेव्हा ही घरी नव्हती आणि चुकामूक झाली, की तो परत गेल्यावर तिला करमेना? मागेपुढे काहीच लिहिलेलं नाही. मला चुकामूक वाटतेय पण आईचं म्हणणं दुसरं आहे, आणि शाळेच्या वेळचं लक्षात घेता मी आता हट्ट धरत नाही. व्याकरणावरून काही ठरवता येतं का? कुणाला माहीत असेल तर सांगा, रविवारी उत्तर लिहायचंय.