एम.एस्सी. न्यूट्रिशन: कॉलेज निवडताना

ठाण्याहून रोज जुहूपर्यंत जाण्यापेक्षा मुलीने घरबसल्या ऑनलाइन एम.एस्सी. केलं तर चालेल का, असं ताईंनी विचारलंय. नाही चालणार. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने फूड अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन वगैरे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. अजूनही कुणी जाहिरात करत असेल तर सरळ पाठ फिरवा.

एसएनडीटीचा जुहू कॅम्पस किंवा चर्चगेटचं निर्मला निकेतन, दोन्ही जुनी नावं आहेत. दादरला गाडी बदलायची, एवढंच (सकाळची गर्दी धरली तर 'एवढंच' म्हणवत नाही म्हणा).

पण नावापेक्षा एक गोष्ट खोदून विचारा: इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथे मुलींना वॉर्डात सोडतात की नुसत्या फायली भरायला बसवतात? किडनीच्या पेशंटची भाजी उकळून पाणी का फेकायचं, ट्यूब फीड किती पातळ ठेवायचं, हे आहारतज्ज्ञाच्या मागे वॉर्डात आणि किचनमध्ये फिरूनच हाताखालून जातं. पुढे आरडीची (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा द्यायची असेल तर हॉस्पिटलातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागतेच. फीचं नंतर बघा, आधी चालू वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना गाठा.