जिनिव्हात ठरतं आणि सूप आमच्या घरातलं रिकामं होतं, यात आमचं मत कुठं असतं?

सुपातली_पोरगी

नमस्कार, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी सोलापूरची, विडी घरकुलात वाढलेली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. एमए राज्यशास्त्र दुसरं वर्ष चालूय, सेमिनारला विषय मिळालाय ‘सामाजिक चळवळी आणि जागतिक लोकशाही’. पुस्तकातलं लिहायला काय लागत नाही, १९९९ ला सिएटलमध्ये डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची बैठक लोकांनी उधळली, २००१ ला ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत दावोसच्या बड्या उद्योगपती-नेत्यांच्या बैठकीला उत्तर म्हणून वर्ल्ड सोशल फोरम भरला, दहा पानं झाली की मार्क मिळतात.

पण परवा रात्री नोट्स काढत बसलेले आणि समोर आई विडीची पानं कापत होती, भिजवलेल्या पानावर पत्रा ठेवायचा आणि कातर फिरवायची, टीव्ही चालू पण बघत नाहीच, मान खालीच. विचारली काय लिहायलीस. म्हटलं, जगाचे निर्णय होताना सगळ्यांचं ऐकावं म्हणून लोक कसं भांडतात ते. तर म्हणाली, “मग त्यात आमचा हजारी दर कोण सांगतंय?” हजारी दर म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी. मला उत्तर देता आलं नाही.

माझी अडचण अशी की तंबाखूचा जो जागतिक करार आहे, डब्ल्यूएचओचा, म्हणजे जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेचा, २००३ चा, भारतानं २००४ ला मंजूर केलेला, तो चळवळींचंच यश म्हणून शिकवतात आणि खरंच आहे, जगभरच्या आरोग्य संघटनांनी दाबून धरलं म्हणून तो झाला. त्यातच १७ वं कलम आहे की तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना, शेतकऱ्यांना पर्यायी काम मिळायला मदत करायची. आणि ५.३ कलम आहे की धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाला लांब ठेवायचं. २०१६ ला या कराराची बैठक आपल्याच देशात ग्रेटर नोएडाला झाली, तंबाखूचे शेतकरी बाहेर निदर्शनं करत होते आणि आत पत्रकारांना, लोकांना सुद्धा बसू दिलं नाही. म्हणजे कंपनीला बाहेर काढताना माझी आई पण बाहेरच गेली ना? पाकिटावर आणि बंडलवर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र आलं, १७ व्या कलमातलं पर्यायी काम काय आमच्या गल्लीत आलं नाही.

तंबाखू वाईट हे मला कुणी सांगू नका, त्या धुळीतला आईचा खोकला मी रोज ऐकते. प्रश्न एवढाच की असल्या ठिकाणी आईसारख्या बाईचं मत पोचायला रस्ता आहे का काय नाहीच?

लूमवाला_अक्कलकोट_रोड

ताई सेमिनारपुरतं ठीक आहे हे सगळं. आमचं बघा, जगात कापडाचा कोटा होता, कुठल्या देशानं अमेरिका-युरोपात किती माल पाठवायचा ते ठरलेलं, तो १ जानेवारी २००५ ला संपला. चांगलं झालं का वाईट ते बाजूला ठेवा, पण टॉवेलच्या एका तरी लूमवाल्याला कुणी विचारलं का? आम्हाला कळलं ते माल तुंबल्यावर कळलं. डब्ल्यूटीओ घ्या, यूनो घ्या नाहीतर आयएमएफ, म्हणजे नाणेनिधी घ्या, सगळीकडं अमेरिकेचा व्हेटो, बाकीचे चहा प्यायला जातात. आणि चळवळ म्हणजे काय तर चार हुतात्मा पुतळ्याला हार घालायचा, पूनम गेटवर तीन तास बसायचं, फोटो काढायचा, घरी जायचं. राग मानू नका पण बघून बघून कंटाळा आलाय.

जुना_झेंडा

लूमवाले, रागाचं सोडा पण एका दावणीला सगळ्यांना बांधू नका हो, तिथंच गल्लत होते. व्हेटो म्हणतात तो सुरक्षा परिषदेत, पाच देशांना. आयएमएफमध्ये पैशाच्या हिश्श्यावर मतं आहेत, मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात आणि एकट्या अमेरिकेकडं १६ च्या वर आहेत, म्हणून ते नाही म्हटले की विषय संपला, आपले तीन टक्के सुद्धा भरत नाहीत. डब्ल्यूटीओत मात्र कागदावर सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणजे अडवायचं म्हटलं तर भारत पण अडवू शकतो आणि अडवलंय. जिथं जसं कुलूप तिथं तशी किल्ली, सगळीकडं एकच मोर्चा चालत नाही.

पोरी तुझ्या आईचा प्रश्न लाखाचा आहे. मी २००४ च्या जानेवारीत मुंबईला गेलेलो, तो वर्ल्ड सोशल फोरम त्या वर्षी गोरेगावला नेस्कोच्या मैदानात भरलेला. रात्रीच्या गाडीनं जनरल डब्यात आम्ही अकरा जण, त्यात चार विडीवाल्या बाया. लाखाच्या आसपास माणूस होतं तिथं, धूळ इतकी की तोंडाला फडकं बांधून फिरायचं. ‘दुसरं जग शक्य आहे’ ही घोषणा पंचवीस भाषेत, ढोल तर विचारू नका. आमच्यातली एक अक्का एका कोरियन बाईजवळ जाऊन बसली, भाषा शून्य, ती काहीतरी शिवणकाम घरी आणून करणारी, तर या दोघी एकमेकींची बोटं बघत बसल्या, कुठं चिरा पडल्यात ते. बाकीची भाषणं मी विसरलो.

पण खरं सांगू का, तिथं पण रस्त्याच्या पलीकडं दुसरा मांडव होताच, ‘मुंबई रेझिस्टन्स’ नावाचा, त्यांचं म्हणणं हा एनजीओवाल्यांचा बाजार आहे. भारतातल्या आयोजकांनी अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा पैसा नाकारला होता त्या वर्षी, तरी पैसा कुणाचा हा वाद मिटला नाही. आणि पाच-सहा दिवसांनी मांडव उतरला, ठराव बिराव काही नाही, तो त्यांचा नियमच होता की फोरमच्या नावानं कुणी ठराव करायचा नाही. मला तेव्हा ते पटलं नाही, आजही पटत नाही. विडीवाली बाई एक दिवसाची मजुरी बुडवून आली तर तिला हातात कागद पाहिजे.

कागद कुठं मिळाला ते सांगतो. जिनिव्हातच आयएलओ आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, १९१९ ला स्थापन झालेली. तिथं दर देशाला चार मतं, दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं, आणि प्रत्येकानं आपापलं वेगळं द्यायचं, म्हणजे देशाचा कामगार स्वतःच्या सरकारच्या विरोधात हात वर करू शकतो. दुसऱ्या कुठल्या जागतिक संस्थेत हे दाखवा मला. तिथं १९९६ ला १७७ नंबरचा करार झाला, घरी काम आणून करणाऱ्यांचा, घरी बसून करते म्हणून ती कामगार नाही असं म्हणायचं नाही, बाकी मजुराला जे ते तिला. तो व्हावा म्हणून अहमदाबादच्या ‘सेवा’नं वर्षानुवर्षं खेटे घातले, इला भट्टांची संघटना, विडीवाल्या बाया पण तिच्यात आहेत. आता गंमत बघ, मागणी आपल्या बायांची, आणि मंजूर करणारे देश जेमतेम डझनभर, फिनलंड, आयर्लंड असले. भारतानं अजून केला नाही.

तंबाखूमुक्त_ताई

मी आरोग्याच्या बाजूनं काम करते म्हणून ५.३ बद्दल बोलायलाच पाहिजे. ते कलम उगाच नाही आलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेलं हे की नियम कडक व्हायला लागले की कारखान्याला कुलूप लागतं आणि बायांना सांगितलं जातं, चला मोर्चाला, गाड्या तयार. दर वाढवून मागायला जातात तेव्हा त्या गाड्या कुठं असतात? बंदूक मालकाची आणि खांदा बाईचा. दार किलकिलं ठेवलं की बाईच्या नावावर वकील आत शिरतो, हे जगभर झालंय.

पण सुपातली_पोरगी, तुझं १७ व्या कलमाचं खरं आहे, आम्ही चित्रासाठी जेवढं भांडलो तेवढं त्यासाठी नाही भांडलो. चित्र मोजता येतं, सेमी मोजायचे झालं. बाईला दुसरं काम मिळालं का हे कोण मोजणार.

लूमवाला_अक्कलकोट_रोड

ते चार मतांचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण कागद होऊन २५-३० वर्षं झाली तरी सही नाही, मग पूनम गेट काय आणि जिनिव्हा काय.

जुना_झेंडा

लूमवाले, सही नाही म्हणून कागद फुकट नसतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं घ्या. आंदोलनानं वर्ल्ड बँकेला इतकं धरलं की त्यांना स्वतःच्याच कर्जावर चौकशी नेमावी लागली, १९९२ ला मोर्स अहवाल आला, ९३ ला बँक त्या धरणातनं बाहेर पडली आणि त्याच वर्षी तक्रार घ्यायला इन्स्पेक्शन पॅनेल करावं लागलं. आज जगातल्या कुठल्याही गावाला बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध तिथं अर्ज करता येतो. धरण मात्र झालंच, पूर्ण उंचीचं. ज्यांची घरं गेली त्यांना हे यश म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण दार कुणी पाडलं तर त्यांनीच.

आणि कुंभारीला जाऊन या एकदा. विडी कामगारांची दहा हजार घरं, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. ती काय जिनिव्हानं दिली नाहीत, याच तीन तास बसणाऱ्यांनी वर्षानुवर्षं बसून घेतली.

सुपातली_पोरगी

सगळ्यांना धन्यवाद, ताईंना जास्त, कारण गाड्यांचं तुम्ही म्हटलं ते आईला वाचून दाखवलं तर हसायलाच लागली, म्हणे मी पण गेले होते एकदा, वडापाव दिला होता.

चार मतांचं सांगितलं तेव्हा मात्र कातर खाली ठेवली. पहिलं विचारली, “तो कामगारांचा एक कोण निवडतंय?” मी बघितलं, तर देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीनं सरकार नाव पाठवतं. यावर म्हणाली, “म्हणजे परत युनियनचा साहेबच.” मग थोड्या वेळानं म्हणाली, कारखान्यात चेकर छाट काढतो, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतो, तेव्हा आमच्या बाजूनं एक बाई तिथं उभी राहिली तरी पुरे, हातभर लांब उभं राहायचं फक्त, तो दहा विड्या कमी टाकतो, बघणारं कोणी असलं की.

सेमिनारचं पहिलं पान आता इथनंच सुरू करणार आहे, सिएटल मागं ढकललं. छाटाचं १९६६ च्या विडी कायद्याखालच्या नियमांत पण होतं हे काल वाचलं, नियमांत चक्क ‘छाट’ हाच शब्द. जुना_झेंडा काका, २००४ चा तुमच्याकडं एखादा बिल्ला, पत्रक, काही राहिलंय का? झेरॉक्स काढून परत देते.

जुना_झेंडा

पत्रकं वाळवीनं खाल्ली गं. कापडी पिशवी आहे एक, घोषणा छापलेली, आमची ही त्यात ज्वारी ठेवते. रविवारी ये, रिकामी करून ठेवायला सांगतो. आईला पण आण.