चौथा रकाना मला मागता येईल का?

आइंडहोवनचा_पुणेकर: पासपोर्ट भारतीय, राहतो नेदरलँड्समध्ये. युरोपीय संघाचा एआय कायदा डिसेंबर २०२३ मध्ये ट्रायलॉगमध्ये ठरला. ट्रायलॉग म्हणजे युरोपीय संसद, परिषद (सदस्य देशांचे मंत्री) आणि आयोग (कायद्याचा मसुदा मांडणारा) यांची माणसं बंद दाराआड, त्यातली एक बैठक रात्रभर. आपली लोकसभा गोंधळ घालते, पण टीव्हीवर दिसते तरी! इथे कोणी काय सोडलं, हे मागता येईल?

रकानेबहाद्दर: येईल. संघाच्या संस्थांची कागदपत्रं मागण्याचा नियम १०४९/२००१. नागरिकत्व लागत नाही, संघात रहिवास पुरे. वाटाघाटीचा तक्ता चार रकानी असतो. पहिल्या तिघांत तीन संस्थांच्या भूमिका, चौथ्यात तडजोड. सगळी गंमत तिथेच. संसदेने एकदा तोच झाकून ठेवला. २२ मार्च २०१८ ला संघाच्या जनरल कोर्टाने तो नकार रद्द केला (खटला टी-५४०/१५).

आइंडहोवनचा_पुणेकर: मग अर्जाला किती दिवस लागतात?

रकानेबहाद्दर: कामाचे १५, कधी मुदतवाढ. नकार आला तर पुन्हा अर्ज करा, मग संघाचे लोकपाल (संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) किंवा कोर्ट.

ब्रसेल्सची_सून: संसदेवर कशाला घसरता? परिषद जास्त घट्ट! कोणत्या देशाने काय भूमिका घेतली, याची पद्धतशीर नोंदच तिच्या कार्यगटांत होत नाही, असं लोकपालांनी २०१८ मध्ये सुनावलं होतं. त्यामुळे मंत्री इथे मान डोलावतात आणि घरी जाऊन म्हणतात, "ब्रसेल्सने लादलं." आमचे सासरे अजून तेच म्हणतात.

आइंडहोवनचा_पुणेकर: आज रात्रीच अर्ज टाकतो. इंग्रजीत चालेल ना? माझं डच अजून भाजीबाजारापुरतंच आहे.

रकानेबहाद्दर: धावेल.