'स्टील टाइम'ला मराठीत काय म्हणायचं?

रात्रपाळी
आमच्याकडे एका सर्व्हरवर केव्हीएम (एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) आहे आणि त्यावर 11 व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. गेल्या महिन्यात देखरेखीची सगळी मांडणी केली. प्रत्येक व्हीएममध्ये आकडे पुरवणारा नोड एक्सपोर्टर बसवला, पोर्ट 9100 उघडला, प्रोमिथियस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर दर 15 सेकंदांनी ते आकडे ओढतं आणि ग्राफानात आलेख दिसतात. रात्री दोन ऑपरेटर असतात, त्यांच्यासाठी मी चार पानांचं मराठी टिपण लिहितोय. त्यात स्टील टाइमबद्दल (व्हीएम कामाला तयार असूनही तिला सीपीयू न मिळाल्याने गेलेला वेळ) लिहिलं, "स्टील टाइम 10 टक्क्यांच्या वर गेला तर फोन करा." एकाने विचारलं, "दादा, हे स्टील म्हणजे कॅबिनेटचं पोलाद का?" चूक त्याची नाही. इंग्रजीतले 'steel' (पोलाद) आणि 'steal' (चोरणं) हे दोन वेगळे शब्द देवनागरीत एकाच अक्षरांवर येऊन बसतात. मग मी 'चोरलेला वेळ' असं केलं, तर दुसऱ्याने रात्री तीनला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, "कुणीतरी सिस्टीममध्ये शिरलंय!" आता योग्य शब्द सुचवा.

दौतटाक
'हिरावलेला वेळ' घ्या. चोरीत लपवाछपवी आहे, हिरावण्यात नाही.

रात्रपाळी
पण हिरावायलाही कुणीतरी लागतं ना? इथे कुणीच दोषी नाही. आमच्या होस्टला (मूळ सर्व्हरला) 16 कोअर आणि व्हीएमना मिळून 44 व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) दिलेत. दिवसअखेरीच्या बॅचला सगळ्या एकदम जाग्या होतात आणि कोअर पुरत नाहीत. गेस्ट, म्हणजे व्हीएम, कामाला तयार असतो, त्याची बारी येत नाही, तेवढा वेळ या रकान्यात पडतो. लिनक्सच्या 'प्रॉक-स्टॅट' फाइलमध्ये सीपीयूच्या ओळीतला हा आठवा आकडा. व्हीएमवेअर हे असंच दुसरं सॉफ्टवेअर, त्याचे लोक जवळपास याच गोष्टीला 'रेडी टाइम' म्हणतात, कारण ते होस्टच्या बाजूने बघतात. लिनक्सने गेस्टच्या बाजूने पाहिलं म्हणून ते 'स्टील' झालं. एकच खोळंबा, पण कुठे उभं राहून बघता त्यावर नाव ठरलं.

सांगावा
अहो, मग शब्द घरातच आहे: खोटी. माझी आजी दारातून कुणाला निरोप देताना म्हणायची, "जा बाबा, तुझी खोटी नाही करत." माणूस निघायच्या तयारीत आहे, काम त्याचं आहे, आणि वेळ दुसऱ्यामुळे जातोय. याहून नेमकं काय हवं? "व्हीएम 7 ची खोटी 31 टक्के." बसतंय की.

मोडीवाचक
बोलण्यात बसतंय, आलेखावर नाही. 'खोटी टक्केवारी' असं मथळ्यात आलं की वाचणारा आकडाच खोटा समजेल, आणि रात्री तीनला आकड्यावर अविश्वास म्हणजे चोरीच्या भीतीइतकंच वाईट. 'तिष्ठणे' घ्या. संस्कृत 'तिष्ठति' म्हणजे उभा राहतो, त्यातून आलेला शब्द. दारात तिष्ठत उभा, हेच चित्र आहे.
दुसरं, टिपणाचं नावही दुरुस्त करा. 'देखरेख' घरगुती वाटतो. शासकीय मराठीत 'संनियंत्रण' रुळलाय. योजनांचं संनियंत्रण व मूल्यमापन आपण रोज वाचतो.

दौतटाक
रोज वाचतो, पण म्हणतो कोण? मी सतरा वर्षं कार्यालयात काढली. मॉनिटरिंगला आम्ही 'लक्ष ठेवणं'च म्हणायचो. शिवाय संनियंत्रणात 'नियंत्रण' आहे. प्रोमिथियस काही नियंत्रित करत नाही, फक्त बघतं आणि नोंद ठेवतं. ऑपरेटरला वाटेल की बटण दाबून आवरायचं असतं.
माझं मत पहारा. मूळ 'प्रहर'. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येकी तीन तास. म्हणजे ठरावीक अंतराने बघणं त्या शब्दाच्या पोटातच आहे. 15 सेकंदांचा प्रहर, एवढाच फरक.

सांगावा
पहारा दारावर असतो, आत येणाऱ्यावर. इथे पाहायचं आहे आतल्याच्या तब्येतीकडे. 'निगराणी' का नको?

मोडीवाचक
फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी?

सांगावा
कोश झाला, तरी 'हवालदार', 'कागद' आणि 'जमीन' साडेतीनशे वर्षं इथेच आहेत. त्यांना आता परके म्हणणं मला जमत नाही.

पाटकरी
थोडं आमच्याकडचं सांगतो. गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. फड बागायत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि शेतं फडांत वाटलेली. पाटावर लक्ष ठेवणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि शेतात प्रत्यक्ष पाणी धरतो तो बारेकरी. लहानपणी वडिलांबरोबर रात्री फडावर जायचो. सारा मोडलेला असायचा, फावडं हातात, माती ओली करायची तयारी, आणि वरच्या शेताची बारी अजून संपलेली नसायची. वडील बांधावर बसून तंबाखू मळायचे. पाणी कुणी चोरलेलं नसायचं. पाणीच कमी आणि शेतं जास्त.
तर होस्टमधला शेड्युलर (सीपीयूचा वेळ वाटणारा) म्हणजे बारेकरी, आणि तुमचं प्रोमिथियस म्हणजे जागल्या. जागल्या पाणी देत नाही, वळवत नाही, फक्त जागा राहतो आणि हाक मारतो.

दौतटाक
'जागल्या' मनापासून आवडला. पहारा मागे घेतो. हाक मारणं हा अर्धा भाग मी विसरलोच होतो. आलेख कितीही सुंदर असला तरी इशारा गेला नाही तर उपयोग काय?

मोडीवाचक
शब्द सुंदर, पण सांगली-साताऱ्याच्या ऑपरेटरला फडाची व्यवस्था माहीत असेलच असं नाही. आणि बऱ्याच गावांत जागल्या हे वतनाशी, म्हणून जातीशी जोडलेलं काम होतं. वापरताना हे भान हवं.

पाटकरी
हे मान्य. आमच्या फडावर तो पंचांनी नेमलेला माणूस होता, पण सगळीकडे तसं नव्हतं.

रात्रपाळी
मंडळी, माझा रकाना राहिला. 'तिष्ठणे'त एक अडचण आहे. 'टॉप' या लिनक्सच्या आकडे दाखवणाऱ्या आदेशात 'डब्ल्यूए' नावाचा वेगळा रकाना आहे. तिथेही वाट पाहणंच असतं, पण डिस्कची. तेव्हा सीपीयू रिकामा असतो. 'एसटी'मध्ये, म्हणजे स्टील टाइमच्या रकान्यात, सीपीयूच मिळालेला नसतो. दोन्हींना एकच शब्द दिला तर ऑपरेटर डिस्क तपासत बसेल आणि इकडे बॅच रेंगाळेल. मागच्या आठवड्यात नेमकं हेच घडलं, पाऊण तास गेला. दोन व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्या, तेव्हा स्टील टाइम 31 टक्क्यांवरून 4 वर आला.

सांगावा
मग डिस्कसाठी 'प्रतीक्षा' आणि यासाठी 'खोटी'. आणि रकान्याचं नाव 'एसटी' आहे हे तर फारच सोयीचं! पिशवी घेऊन फाट्यावर उभे आहोत, पैसे सुटे काढून ठेवलेत, गाडी येते ती गच्च भरलेली, न थांबता जाते. एकदा असं सांगितलं की ऑपरेटर जन्मात विसरणार नाही.

मोडीवाचक
लक्षात ठेवायला ठीक. पण टिपणात पारिभाषिक शब्द हवा, गोष्ट नको. आणि एक राहिलंच: व्हीएमला 'आभासी यंत्र' असं लिहिलं असेल तर तेही काढा. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. त्या व्हीएमवर खरे हिशेब होतात. गृहनिर्माण सोसायट्यांत 'मानीव अभिहस्तांतरण' (बिल्डरने जागा सोसायटीच्या नावावर केली असं मानणं) म्हणतात, तसं मानीव यंत्र म्हणा. वेगळं यंत्र नाही, पण वेगळं मानून चाललंय.

दौतटाक
'मानीव' ऐकून माणूस आधी बिल्डरकडे जाईल हो! आभासी आता वर्तमानपत्रांत रुजलाय, मूळ अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोडीवाचक
येत नाही म्हणूनच सांगायला हवं.

पाटकरी
रात्रपाळी, तुमचे दोन्ही ऑपरेटर कुठल्या भागातले? त्यांच्या घरी मोटेच्या किंवा पाटाच्या पाण्याची पाळी चुकली तर काय म्हणायचे, ते त्यांनाच विचारा. आमच्याकडे 'बारी हुकली' म्हणत, पण हुकणं म्हणजे कायमची गेली, आणि इथे ती उशिरा का होईना येते.

रात्रपाळी
एक बार्शीचा, एक कुडाळचा. आज रात्री विचारतो.