मदत हवी आहे : पुतण्या गार्ड काढून हँड ग्राइंडर चालवतो, त्याला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातून लिहितोय. पुतण्या आयटीआय फिटर करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये कामाला लागलाय. पोराचा हात चांगला आहे, त्याचं वेल्डिंग बघत राहावं असं असतं. उसाचा हंगाम तोंडावर आलाय आणि आमच्या ट्रॉलीचा मागचा चॅनेल गंजून पार खाल्लाय, म्हणून घरच्यासाठी चार इंची मशीन घेतलं. रविवारी तो आला, डबा उघडला आणि सगळ्यात आधी गार्ड, म्हणजे चाकावरचं झाकण, सोडवून बाजूला ठेवला. बाजूचं हँडल तर डब्यातून काढलंच नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, शॉपात सगळे असंच मारतात की. गार्ड असला की कोपऱ्यात चाक जात नाही."

मशीनवर मिनिटाला ११,००० फेरे असं लिहिलंय. एवढ्या वेगाचं चाक त्याच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर उघडं फिरत होतं. वहिनी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

आता त्याचं म्हणणं आहे की गार्ड निघालाच आहे तर सात इंची चाक लावू, एका कटमध्ये चॅनेल आरपार होईल. कुंपणाच्या लाकडी खांबांसाठी दातांचं लाकूड कापायचं ब्लेडही यालाच लावणार म्हणतो. डोळ्यांना गाडीवर घालायचा काळा चष्मा. मी घरचा माणूस, माझं बोलणं त्याला काळजीपोटी वाटतं. या मशीनवर पोट भरणाऱ्यांनी लिहिलं तर तो वाचेल. गार्डची खरंच अडचण होते का? आणि त्या सात इंची चाकाचं काय?

प्रतिसाद (फेटलिंग कामगार, मच्छे)

दादा, मी फाउंड्रीत कास्टिंगचं फेटलिंग करतो, म्हणजे ओतलेल्या भागांवरचं जास्तीचं लोखंड घासून काढतो, दिवसभर हेच मशीन हातात असतं. पुतण्याला हे तसंच्या तसं वाचायला द्या.

सात इंची चाक चार इंची मशीनला लावायचं नाही. चाकावर छापलेलं वाच भावा. सात इंचीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा असते, चार इंचीवर १५,००० च्या वर. तुझं मशीन ११,००० ने फिरतं. ही कटिंग चाकं कडेला सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत टिकतील अशी बनवलेली असतात. सात इंची चाक तुझ्या मशीनवर शंभरच्या पुढे जाईल. फुटलं की तुकडे कडेच्या रेषेत सुटतात, आणि त्या रेषेत तुझं तोंड आणि पोट असतं. शिवाय भोकही जुळत नाही, चार इंचीचं १६ मिलिमीटर, सात इंचीचं २२. मग वायसर घालून भरतात, चाक मधोमध बसत नाही आणि थरथरायला लागतं.

गार्डची अडचण होते हे मी नाकारत नाही. पण गार्ड फिरवता येतो. स्क्रू सैल करायचा, कामाच्या कोनाप्रमाणे वळवायचा, परत आवळायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बंद बाजू तुझ्याकडे राहिली पाहिजे. तरीही कोपऱ्यात चाक गेलं नाही, तर तेवढा तुकडा हॅकसॉने काप नाहीतर छिन्नीने उडव.

आता चाक अडकून मशीन उसळतं त्या झटक्याचं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त माणसं यानेच जखमी झालीत. चॅनेल दोन्ही टोकांना टेकवून मधे कापलास तर शेवटाला तो खाली बसतो, फट मिटते आणि चाक चिमटीत सापडतं. त्या क्षणी मशीन हातातून उसळतं. म्हणून मोठी बाजू वाईसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने घट्ट धर, कापून पडणारं टोक मोकळं लोंबू दे, म्हणजे फट उघडत जाते. हँडल लावून दोन्ही हातांनी धर, आणि चाकाच्या रेषेत उभा राहू नको, थोडा बाजूला सरक. दातांचं ब्लेड याच कारणाने नको. दात लाकडात रुतला की तोच झटका बसतो, आणि या मशीनचा वेग आणि गार्ड त्या ब्लेडसाठी नाहीत. खांबांना करवत घे.

कटिंगचं पातळ चाक आडवं धरून घासायचं नाही, बाजूने दाब आला की ते मोडतं. घासायला जाड ग्राइंडिंग चाक. आणि चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते ती बघ. खानापूरच्या पावसात चाकं ओलीत राहिली तर त्यांचा चिकटा कमजोर होतो, गेल्या पावसाळ्यातली भिंतीला लटकलेली चाकं वापरू नको. नवीन चाक लावलं की मिनिटभर रिकामं फिरवून बघ, बाजूला उभा राहून.

प्रतिसाद (डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, बेळगाव)

मी चष्म्याबद्दल लिहिते. गाडीचा काळा चष्मा बाजूंनी उघडा असतो आणि ठिणगीसोबतचा कण बहुतेक वेळा बाजूनेच येतो. बाजू बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा आणि त्यावर तोंड झाकणारी फेस शील्ड. नुसती शील्ड पुरत नाही, खालून कण वर येतात.

आमच्याकडे येणारे बरेच जण आधी काडीने किंवा रुमालाच्या टोकाने कण काढायचा प्रयत्न करून येतात. कृपा करून असं कुणी करू नका. गरम लोखंडाचा कण बुबुळावर चिकटतो, काही तासांत त्याभोवती गंजाची कडी धरायला लागते, आणि ती डॉक्टरांनाच काढावी लागते. डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, तरी टोचत असेल तर त्याच दिवशी दाखवा. कण जोराने घुसल्याची शंका असेल, दिसणं कमी झालं असेल, तर धुणंही नको. वरून कपासारखं काहीतरी दाब न देता झाका आणि लगेच निघा. लोखंडाचं काम करताना झालं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करता येत नाही.

धागाकर्ता

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. त्याला फोनवर वाचून दाखवलं. सात इंचीचा हिशोब ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, "गार्ड ठेव काका, रविवारी बसवतो." आता एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे लाइट सारखी जाते आणि ट्रॉली गोठ्याशेजारी उभी असते. त्याबद्दल काही?

प्रतिसाद (ट्रॉली दुरुस्ती, निपाणी)

दादा, लाइट गेली की पहिलं बटण बंद करायचं आणि प्लग काढायचा. या मशीनचं सरकतं बटण चालूच अडकून राहतं. माणूस चहाला जातो, लाइट येते आणि मशीन जमिनीवर आपोआप नाचायला लागतं. चाक बदलतानाही प्लग काढलेलाच हवा, आणि चाक पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नये. उघड्यावर वायर ओढून काम करणार असाल तर बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या.

ट्रॉली गोठ्यापासून ओढून मोकळ्यावर आणा. फळ्यांच्या फटीत अडकलेलं पाचट झाडून काढा, कडबा आणि डिझेलचा कॅन लांब न्या, ठिणग्या बऱ्याच लांब उडतात. पोराच्या गळ्यात टॉवेल नको, हातात सुती ढगळ मोजे नकोत, चाक ते ओढून घेतं. घट्ट बसणारे चामड्याचे चालतील. काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथेच थांबा, पाचट आतून धुमसत राहतं. पाण्याची बादली आधीच भरून ठेवा.